आठशे मीटरचा हिशेब

‘बाईचं शरीर वेगळं असतं, हे आता विज्ञानच सांगतं. मग दमछाक होईल असा व्यायाम तिनं करूच नये, यात चुकीचं काय?’ हा युक्तिवाद हल्ली नाशिकमध्ये फार सभ्य आवाजात ऐकू येतो. पूर्वी हेच घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या, तेव्हा ‘जुन्या काळच्या समजुती’ म्हणून सोडून देता यायचं. आता ते जिममधला ट्रेनर सांगतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे काका सांगतात, गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर टेकलेले निवृत्त साहेब सांगतात. प्रत्येकाच्या तोंडी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन हे शब्द असतात. शब्द खरे आहेत. त्यांच्या आधारानं काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे, आणि तो खोटा असूनही सरकारी नियमांत जाऊन बसला आहे.

जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकू, म्हणजे ‘लेखकाला फरकच मान्य नाही’ अशी ओरड नको. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन झपाट्यानं वाढतं. मोठ्या पुरुषात ते बाईच्या तुलनेत दहा-पंधरा पट किंवा त्याहूनही जास्त असतं. त्यामुळे त्याची उंची वाढते, स्नायू भरतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, रक्तात हिमोग्लोबिन जास्त राहतं. रक्तक्षय ठरवण्याची रेषाच जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी डेसिलिटरमागे १३ ग्रॅम आणि गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ग्रॅम धरते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी, म्हणजे वेग कमी. २०२३ मध्ये केल्विन किप्टुमनं शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिगिस्ट असेफाला २ तास ११ मिनिटं ५३ सेकंद लागले. फरक साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. खांद्या-दंडांच्या ताकदीत ही दरी याहून खूप रुंद आहे, पायांत त्या मानानं अरुंद. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण विज्ञानाचा हवाला देणारे इथेच पुस्तक मिटतात. पुढची पानं वाचायला कुणी तयार नसतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मार्क टार्नोपोल्स्की यांनी १९९०च्या सुमारास स्त्री-पुरुषांना सारख्याच जोरानं, म्हणजे ज्याच्या-त्याच्या क्षमतेच्या सारख्याच टक्क्यावर, दीर्घकाळ धावायला लावून पाहिलं. बायकांच्या शरीरानं चरबी जास्त जाळली आणि स्नायूंतला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, राखून वापरला. बायकांच्या स्नायूंत सावकाश आकसणाऱ्या, लवकर न थकणाऱ्या तंतूंचं प्रमाणही साधारणपणे जास्त असतं. मॅरेथॉनच्या निकालांचा ढीग तपासला तर दुसऱ्या टप्प्यात पुरुषांचा वेग बायकांपेक्षा जास्त ढासळतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. यामागे शरीर किती आणि सुरुवातीलाच सुसाट सुटायची पुरुषी हौस किती, हे मी सांगत बसत नाही. ज्यानं कुठलीही शर्यत पाहिली आहे त्याला दुसऱ्या कारणाचं वजन माहीत आहे. आणि व्यायामाचा फायदा? वजनं उचलायला लावली तर स्नायूंची वाढ मूळ आकाराच्या टक्केवारीत दोघांची जवळपास सारखीच होते. म्हणजे तिचा आरंभबिंदू खाली असेल, पण चढण तीच आहे.

आता ज्याची भीती घातली जाते त्या धोक्याकडे वळू. ‘छाती भरून येईल, चक्कर येईल, हृदयाला झेपायचं नाही.’ अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली आला. त्यात ५९ जणांचं हृदय धावताना किंवा धावून संपताच बंद पडलं. त्या ५९ पैकी ५१ पुरुष होते. लाखामागे प्रमाण काढलं तर पुरुषांचं ०.९० आणि बायकांचं ०.१६. धोका दोघांनाही फार थोडा आहे, हे खरंच. पण जो काही आहे तो पुरुषाला पाच पटींहून अधिक आहे. या आकड्यांवरून धोरण ठरवायचं असतं तर पहाटे ट्रॅकच्या फाटकावर कुणाला थांबवून ‘काका, जरा दमानं’ म्हणायला हवं होतं, ते वाचकांनीच ठरवावं. आमच्याकडे मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोमेश्वर तर गंगापूर रोडवरच आहे, म्हणून बंबाची सोय बरी झाली असावी.

फायद्याचा हिशेबही असाच उलटा निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या नियतकालिकात ४ लाख १२ हजारांवर प्रौढांची पाहणी छापून आली. मध्यम ते जोरदार व्यायाम आठवड्याला ३०० मिनिटं करणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी दिसला; तेवढाच फायदा बायकांत १४० मिनिटांतच दिसला. अशा पाहणीतून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे कबूल. पण बाईला व्यायामाचं ‘कमी’ मिळतं असं तर ती अजिबात म्हणत नाही.

‘झेपत नाही’ या पाच अक्षरांना एक जन्मतारीखही आहे. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदाच ८०० मीटर धावू दिलं. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र मैदानभर कोसळलेल्या, रडणाऱ्या, शर्यत सोडून दिलेल्या बायकांची वर्णनं छापली. काहींनी तर अकरा धावपटूंतल्या पाच जणींनी मध्येच सोडलं असं ठोकून दिलं. नऊ जणींच्या शर्यतीत अकरा! त्या बातम्यांच्या आधारावर बायकांची ८०० मीटर शर्यत काढून टाकली ती थेट १९६०च्या रोममध्ये परतली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं, दहा हजार मीटर यायला १९८८, आणि स्टीपलचेस यायला २००८. प्रत्येक वेळी आधी ‘झेपणार नाही’ म्हणणारे तज्ज्ञ होते. त्यांतल्या एकाही भाकिताची पुढे कुणी चौकशी केली नाही.

ॲमस्टरडॅम लांब राहिलं, आपण त्र्यंबक रोडवर येऊ. इथे महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, आणि राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीची स्वप्नं बघत पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवणहून आलेल्या मुलींनी या शहरातली मैदानं पहाटे भरलेली असतात. भरतीचा हंगाम जवळ आला की कुठल्याही मैदानावर साडेपाचला जा. ट्रॅक पँट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात एकाच मापाचे दोघींनी वाटून वापरलेले बूट, आणि एका दगडावर ठेवलेला फुटक्या काचेचा मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. एक धावते, दुसरी वेळ ओरडते. संपलं की दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ पांढरे, आणि पाच मिनिटांनी परत ‘आणखी एक मार’.

या मुलींची मैदानी चाचणी अशी: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना गुण २०. शंभर मीटर दोघांनाही, गुण १५. गोळाफेक मुलांना ७.२६ किलोचा गोळा, मुलींना ४ किलोचा, गुण १५. एकूण ५०.

यातला गोळ्याचा फरक मला पटतो. हात-खांद्यांच्या ताकदीतली दरी खरी आहे, म्हणून वजन कमी. शंभर मीटर तेच ठेवून गुणांची वेळ वेगळी ठेवायची, हेही पटतं. पण मुलींचं अंतर निम्मं कुठल्या शास्त्रानं केलं? पल्ला वाढला की बाईचं शरीर ढेपाळतं असं म्हणावं, तर सगळा पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो. उलट ८०० मीटर हे अंतर धावपटूंच्या जगात सगळ्यात छळवादी म्हणून ओळखलं जातं. ना धड पल्ल्याचं, ना धड वेगाचं, शेवटच्या दोनशेला मांड्या दगडाच्या होतात. म्हणजे ‘सवलत’ म्हणून जे दिलं ते सोपं तर नाहीच, आणि ज्या टिकण्याच्या गुणात मुलगी मुलाच्या जवळ पोचू शकते तो गुण मोजायचाच नाही, असा हा कारभार. लष्कराचं बघा. अग्निवीर योजनेत महिला लष्करी पोलिसांच्या भरतीला मुलींना १.६ किलोमीटरच धावावं लागतं, मुलांइतकंच. वेळ तेवढी वेगळी. देशाच्या सीमेसाठी जे अंतर चालतं ते नाशिकच्या चौकातल्या बंदोबस्ताला का चालू नये?

फरक मान्य करायचा, पण योग्यता कापायची नाही, हे कसं करतात याचा धडा स्टीपलचेसमध्ये आहे, आणि तो शिकवायला दोन मराठी माणसं पुरेशी आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हीच शर्यत ८ मिनिटं १० सेकंदांच्या आत संपवू शकतो. दोघांनाही अंतर तीन हजार मीटर. पाण्याची उडी दोघांनाही. अडथळ्याची उंची मात्र पुरुषांना ९१.४ सेंटिमीटर आणि बायकांना ७६.२ सेंटिमीटर. फरक जिथे आहे नेमका तिथेच कापला. ललिताला ‘तू दीड हजारच धाव’ असं कुणी म्हटलं नाही.

इथे ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, त्या अपवाद.’ बरं, अपवादच मोजू. हरसूलच्या पट्ट्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. अनवाणी धावायला लागलेली मुलगी, पुढे ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, तेही ३२ मिनिटांच्या आत. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. प्रत्येक फेरी सरासरी ७७ सेकंदांपेक्षा कमी, आणि अशा पंचवीस, न थांबता. कट्ट्यावरच्या साहेबांनी एक फेरी तेवढ्यात मारून दाखवावी, मग बाकीच्या चोवीस फेऱ्यांवर चर्चा करू. कविताच्याच प्रशिक्षकांकडे, विजेंदर सिंग यांच्याकडे, नाशिकमध्येच तयार झालेली मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. संजीवनी जाधवनं त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं. त्यांच्यामागून ताई बामणे आली. एका जिल्ह्यातून, एका प्रशिक्षकाच्या हाताखालून, ओळीनं इतके अपवाद निघत असतील तर अपवाद तपासायची गरज नसते, नियम तपासावा लागतो.

खरं तर या जिल्ह्यात बाईच्या दमछाकीला कुणाची ना कधीच नव्हती. उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढण चढणारी बाई कुठल्या हार्मोनचा विचार करते? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत विरळणीला बायका हात डोक्याच्या वर धरून तासन् तास घडांतले मणी कापतात; खांदे भरून येतात, मान आखडते, आणि रोज मात्र पुरुषापेक्षा कमी मिळतो. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर पाट्या कोण उचलतं? तिथे कुणाला बाईच्या नाजूक रचनेची आठवण होत नाही. कष्ट मजुरीचे किंवा घरचे असले की ती दणकट, आणि स्वतःसाठी बूट घालून निघाली की ती नाजूक. एवढा सोयीचा नाजूकपणा दुसरा सापडायचा नाही.

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो, कारण मुली धावताना खरंच चक्कर येऊन पडतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. का पडतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. ही दरी निसर्गानं आखलेली नाही, कारण बाईची रेषा आधीच खाली धरून हे मोजलेलं आहे. पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं, टाचा आपटून काही तांबड्या पेशी फुटतात, आणि जोराच्या व्यायामानंतर काही तास आतडी लोह नीट शोषत नाहीत. म्हणजे धावणाऱ्या मुलीला लोह जास्त लागतं, हा शरीराचा खरा, मोजता येणारा फरक. त्याच्यावर आपण करतो काय? पहाटे चार वाजता उठून ती कोऱ्या चहात दोन बिस्किटं बुडवून मैदानावर येते. परत आल्यावर खोलीवर मेसचा डबा: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पाण्यासारखं वरण. जेवणावर परत चहा, जो लोह शोषू देत नाही. सुट्टीला घरी गेली की सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेलं. त्यात सोमवार, चतुर्थी, आणि नवरात्राचे नऊ दिवस. एवढं सगळं करून ती आठशेला चक्कर येऊन पडली की निष्कर्ष काय निघतो? बाईला झेपत नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

खाणं कमी आणि धावणं जास्त असं महिनोन् महिने चाललं की शरीर खर्च कापायला लागतं. आधी पाळी अनियमित होते, मग थांबते. मुली ‘कटकट गेली’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात, आणि प्रशिक्षक पुरुष असला तर विषयच निघत नाही. पण पाळीबरोबर हाडांना जपणारं इस्ट्रोजेनही खाली आलेलं असतं. काही महिन्यांनी नडगी दुखायला लागते, मलम चोळलं जातं, आणि एक्स-रे काढला तर बारीक चीर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या दुखण्याला नाव दिलं तेव्हा त्याच्या मुळाशी ऊर्जेचा तुटवडा आहे असं स्पष्ट सांगितलं, आणि ते पुरुषांनाही होतं हेही नोंदवलं. यावर इलाज ताट भरण्याचा आहे. धावणं कायमचं बंद करणं हा इलाज नव्हे.

‘जड वजनं उचलली तर अंग खाली येतं’ ही भीती बायकाच एकमेकींना घालतात, म्हणून तिला हसून चालणार नाही. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे तळाचे स्नायू सैल पडतात, काही जणींना धावताना लघवी निसटते, हे खरं आहे आणि त्याबद्दल मोकळेपणी बोललं पाहिजे. पण त्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकवता येतात, आणि हळूहळू वजन वाढवता येतं. अंग खरोखर खाली येण्याची वाट वेगळीच आहे: लवकरचं लग्न, लागोपाठची बाळंतपणं आणि सव्वा महिनाही न भरता पुन्हा डोक्यावर चढलेला हंडा. डंबेलला घाबरणाऱ्या घरात त्या हंड्याला कुणी घाबरत नाही. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली. त्यांच्यातल्या एका गटाकडून देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली होती, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली होती. कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलींना गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हाही खरा फरक. त्यावरच्या उपायांतही मांड्यांची ताकद वाढवणं येतंच. म्हणजे ज्या फरकाकडे बोट दाखवून वजनं काढून घेतली जातात, तोच फरक वजनं मागतो आहे.

राहता राहिली पाळी. पॉला रॅडक्लिफनं २००२ मध्ये शिकागोत २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला तो पोटात कळा येत असताना. २०२० मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरीत सरासरी अगदी किरकोळ घट दिसली, तीही बाईगणिक वेगळी. ज्या मुलीला त्रास होतो तिनं त्या दिवशी थांबावं, जिला होत नाही तिनं धावावं. इतकं साधं आहे. म्हणूनच ‘अमुक दिवशी वजनं, तमुक दिवशी फक्त योगा’ असं चक्राप्रमाणे वेळापत्रक विकणाऱ्या नव्या अ‍ॅपांवरही माझा विश्वास नाही. बाहेर बसवायची जुनी रीत आणि हे गुलाबी वेळापत्रक, दोन्हींत बाईला विचारायचं राहून जातं.

तेव्हा गृह विभागाला मागणी सरळ आहे. पुढच्या पोलीस शिपाई भरतीच्या जाहिरातीत मुलींचं धावणं १६०० मीटर करा आणि गुणांसाठी वेळेचा तक्ता त्यांच्यासाठी वेगळा छापा, जसा शंभर मीटरला छापता. तयारीला एक वर्ष आधी सांगा. आणि मुलींना तयार करणाऱ्या प्रत्येक अकादमीच्या संचालकांना विनंती: प्रवेशाच्या दिवशी उंची मोजता, तशी हिमोग्लोबिनची चाचणीही करून घ्या. जिल्हा रुग्णालयात ती होते.